बुलढाणा जिल्ह्यातील रानप्राण्यांवरील पिसवा आणि प्राणिजन्य रोगांचे सर्वेक्षण

पिसू हा बिनपंखांचा, दोन्ही बाजूंनी चपटा आणि रक्तावर जगणारा कीटक आहे. जगात पिसवांच्या सुमारे २,५०० जाती माहीत आहेत. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक सस्तन प्राण्यांवर राहतात, उरलेल्या पक्ष्यांवर. माणसाला चावणाऱ्या बहुतेक पिसवा मुळात माणसाच्या नसतात. त्या उंदराच्या, घुशीच्या, कुत्र्याच्या किंवा एखाद्या रानप्राण्याच्या असतात. नेहमीचा यजमान मेला, पळाला किंवा पुरेनासा झाला की त्या माणसाकडे वळतात, आणि प्लेगसारखा रोग गावात शिरतो तो याच वाटेने. रोगी दवाखान्यात येण्याच्या कितीतरी आधी ही हालचाल बिळात सुरू झालेली असते. त्यामुळे पिसवांवरची पाळत कुठे आणि कधी ठेवायची, हा या विषयातला मुख्य प्रश्न ठरतो.

बुलढाणा जिल्हा या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अभयारण्ये, शेती आणि दाट वस्ती इथे एकमेकांना लागून आहेत. दक्षिणेला जालना जिल्हा ओलांडला की बीड लागते. १९९४ मध्ये प्लेगच्या संशयाने देशभर गाजलेले मामला गाव याच बीड जिल्ह्यातले.

जीवनचक्र

अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. मादी यजमानाच्या अंगावर किंवा त्याच्या बिळात अंडी घालते. अंडी चिकट नसल्याने ती केसांतून घरंगळून खाली पडतात. काही दिवसांत त्यांतून पाय नसलेल्या, केसाळ, पांढुरक्या अळ्या बाहेर येतात. त्या रक्त पीत नाहीत. बिळातला सेंद्रिय कचरा आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतून पडलेले सुकलेले रक्त हे त्यांचे अन्न. पुढे अळी रेशमी कोष विणते, त्याला भोवतालची माती चिकटते आणि तो मातीत दिसेनासा होतो. कोषातली पिसू परिस्थिती अनुकूल नसेल तर काही महिनेसुद्धा बाहेर पडत नाही. जमिनीचा कंप, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात पाऊल टाकताच पायांवर पिसवा चढतात, त्याचे कारण हेच.

कोणत्या प्राण्यावर पिसवा असतील हेही या जीवनचक्रावरून ठरते. अळ्यांना वाढायला एक ठरलेले बीळ, ढोल किंवा घरटे लागते. त्यामुळे बिळात राहणारे उंदीर, साळिंदर, खोकड, कोल्हा आणि मुंगूस यांच्यावर पिसवा वाढतात. रोही, काळवीट, चितळ असे भटकत चरणारे प्राणी रोज जागा बदलतात, म्हणून त्यांच्यावर त्या क्वचितच आढळतात. वानरही रोज झोपण्याची जागा बदलते आणि त्याच्याही अंगावर पिसवांची वस्ती नसते. वटवाघळांच्या पिसवांचे तर कूळच वेगळे आहे. इश्नॉप्सिलिडी या कुळातल्या पिसवा वटवाघळांखेरीज दुसरीकडे सहसा जात नाहीत.

ऊन आणि ओलावा यांचाही मोठा वाटा आहे. अळ्यांना दमट हवा लागते, कोरड्या उन्हात त्या वाळून मरतात. उंदरावरची मुख्य पिसू, झेनोप्सिला किओपिस, साधारण २० ते ३० अंश तापमानात आणि भरपूर आर्द्रतेत चांगली वाढते. बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली हवामान वेगळे आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके तुलनेने थंड. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे तालुके उन्हाळ्यात होरपळतात. तरीही बिळाच्या आत हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट राहते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगाही उंदरांना आसरा देतात. म्हणून मे महिन्यात अंगावरच्या पिसवा कमी दिसल्या तरी बिळातला साठा संपलेला नसतो. पावसाळा सुरू झाला की तो पुन्हा वर येतो.

जिल्ह्यातले यजमान प्राणी

खामगाव आणि बुलढाणा यांच्यामध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. उत्तरेला सातपुड्यात संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेला लोणारचे विवर. तिथल्या सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. या पट्ट्यांत अस्वल, बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, साळिंदर, ससा, रानडुक्कर आणि रोही आहेत. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ २०१९ मध्ये शेते, रस्ते आणि नाले ओलांडत शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. अभयारण्याची हद्द नकाशावर असते, प्राणी ती पाळत नाहीत, आणि त्यांच्या अंगावरचे परजीवीही पाळत नाहीत.

पिसवांच्या दृष्टीने मात्र मोठ्या प्राण्यांपेक्षा लहान प्राणी महत्त्वाचे. वऱ्हाडातल्या कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीच्या शेतांत लहान घूस, रानउंदीर म्हणजे भारतीय जर्बिल, मऊ केसांचा शेतउंदीर आणि छोटा शेतउंदीर हे मुख्य. घरात आणि धान्याच्या कोठ्यांत काळा उंदीर. यांतला रानउंदीर भारतात प्लेगच्या जंतूचा रानातला साठा राखणारा प्राणी मानला जातो, कारण त्याच्यातले अनेक उंदीर जंतूचा संसर्ग होऊनही मरत नाहीत. घरातला काळा उंदीर मात्र लवकर मरतो. रानउंदराच्या बिळातली पिसू शेतातल्या घुशीवर आणि घुशीवरची घरातल्या उंदरावर, अशा टप्प्यांनी रोग रानातून घरात पोचतो.

हे टप्पे जोडले जाण्याची जागा घनदाट जंगलात नसते. शेताचा धुरा, नाल्याचा काठ, ई-क्लासची म्हणजे सरकारी चराईची पडीक जमीन, कुटाराची आणि पऱ्हाटीची रचलेली गंजी, गावाबाहेरचा उकिरडा, गोठ्याची भिंत या त्या जागा. सोयाबीनची सोंगणी झाली की शेतातले अन्न एकदम संपते आणि उंदीर गंज्यांकडे, कोठ्यांकडे सरकतात. नेमका तेव्हाच पावसाळ्यानंतरचा ओलावा आणि उतरते तापमान पिसवांना मानवते. त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पाळतीसाठी सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

मांसाहारी प्राण्यांवर स्वतःच्या पिसवा असतातच, त्याशिवाय ते भक्ष्याच्याही पिसवा अंगावर घेतात. उंदीर मारून खाणाऱ्या खोकडाच्या केसांत उंदराची पिसू सापडू शकते. कुत्रा आणि कोल्ह्यावर टेनोसेफॅलिडिस गटातल्या पिसवा असतात, त्याच शेळ्या-मेंढ्यांवरही चढतात. करडांवर त्या जास्त झाल्या तर रक्तक्षय होऊन करडे दगावतात. कोंबड्यांच्या तुऱ्याला आणि डोळ्यांभोवती तोंड रुतवून बसणारी एकिड्नोफॅगा ही पिसू उंदीर आणि कुत्र्यावरही मिळते. गावातला कुत्रा रात्री रानात, दिवसा अंगणात असतो, म्हणून रान आणि घर यांच्यामधला तो सर्वांत जवळचा दुवा आहे.

पिसवांमुळे होणारे रोग

प्लेग हा येर्सिनिया पेस्टिस या जंतूचा रोग. जंतूमुळे पिसूच्या जठरापुढचा भाग चोंदतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी जंतू जखमेत उलटून टाकते. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी ही क्रिया दाखवून दिली. तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेले की ही चोंदण टिकत नाही. कडक उन्हाळ्यात साथ ओसरते त्यामागे हेही एक कारण आहे. चोंदण होण्याआधीच्या दिवसांतही काही पिसवा जंतू पसरवू शकतात, हे पुढे सिद्ध झाले. चावल्यापासून साधारण दोन ते आठ दिवसांत जोराचा ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगात ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. जंतू फुप्फुसात पोचला तर उपचाराविना मृत्यू जवळजवळ अटळ, आणि तेव्हा रोग पिसूशिवाय, खोकल्यातूनही पसरतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे वेळेवर मिळाली तर रोगी बरा होतो.

उंदरांकडून येणारा म्युरीन टायफस रिकेट्सिया टायफी या जंतूने होतो. इथे चाव्यापेक्षा पिसूची विष्ठा घातक. खाजवताना ती जखमेत घासली जाते. ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कधी छातीपोटावर बारीक पुरळ अशी लक्षणे असल्याने तो टायफॉइड किंवा डेंग्यू समजला जातो. रिकेट्सिया फेलिस हा जंतू भारतातल्या कुत्र्यांच्या पिसवांत सापडला आहे. मांजराच्या पिसवांतून बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजरात आणि मांजराच्या ओरखड्यातून माणसात जातो. खेळताना पिसू तोंडात गेली तर लहान मुलांना डिपिलिडियम हा चपटा कृमी होऊ शकतो.

अंगावरच्या परजीवींमुळे येणारा प्रत्येक ताप पिसूचा नसतो. स्क्रब टायफस माइटच्या अळ्यांमुळे होतो आणि विदर्भात २०१८ मध्ये त्याचे बरेच रुग्ण आढळले. गोचिडांमुळे येणाऱ्या ठिपक्यांच्या तापावर अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या मुलांचा अभ्यास करून लवकर निदानासाठी गुणांकन पद्धत सुचवली. अकोला बुलढाण्याला लागूनच असल्याने या कामाला जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. रिकेट्सियाच्या या सगळ्या तापांवर डॉक्सिसायक्लिन लागू पडते. मात्र या तापांचा संशय डॉक्टरच्या मनात यायला हवा, आणि आसपासच्या प्राण्यांवर काय सापडते याची माहिती असेल तरच तो येतो.

महाराष्ट्राचा अनुभव

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढची दोन-तीन दशके साथ देशभर फिरत राहिली आणि तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. पुण्यात रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला. वऱ्हाडही सुटले नाही. शेगावच्या गजानन महाराजांवरच्या दासगणूंच्या ग्रंथात गाठीच्या रोगाचा प्रसंग येतो, तो याच काळातला. ‘उंदीर पडू लागले’ की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. त्यांना कारण ठाऊक नव्हते, उपाय मात्र बरोबर होता, कारण त्यामुळे ते पिसवांपासून दूर जात.

कारण शोधायला वेळ लागला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमॉन याने कराचीत एका उंदरापासून दुसऱ्या उंदराला पिसवांमार्फत प्लेग होतो हे दाखवले, पण बराच काळ कोणी त्याचे म्हणणे मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने हा प्रश्न निर्णायकपणे सोडवला. पिसवांनी भरलेल्या जागेत गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगण्यात आले. जमिनीपासून काही इंचांवर टांगलेले प्राणी प्लेगने मेले. दोन फुटांवर टांगलेले वाचले, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नव्हती. हवा, पाणी आणि जमीन तीच होती, फरक फक्त उंचीचा होता. १८९९ मध्ये स्थापन झालेली हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

पुढच्या संशोधकांनी पिसूची जातही पाहायला हवी हे दाखवले. झेनोप्सिला किओपिस प्लेग सहज पसरवते, तिची जवळची नातलग झेनोप्सिला ॲस्टिया तेवढी पसरवत नाही. ज्या भागात ॲस्टियाचे प्रमाण जास्त तिथे साथी सौम्य राहिल्या. दख्खनच्या ग्रामीण भागात झेनोप्सिला ब्राझिलिएन्सिस ही तिसरी जातही आहे. त्यामुळे ‘पिसवा खूप आहेत’ एवढी नोंद पुरत नाही, कोणत्या आहेत हे लिहावे लागते.

१९६६ नंतर १९९४ पर्यंत भारतात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नाही आणि लक्ष ढळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेकांनी भीतीने पक्की घरे सोडली. धान्य मात्र घरात राहिले आणि उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला. सप्टेंबरच्या मध्यावर गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण पुढे आले आणि त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. देशभर ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. लाखो लोक सुरत सोडून गेले, विमाने आणि निर्यात थांबली. मामल्यात उंदीर पडणे आणि रुग्ण आढळणे यांच्यामध्ये काही आठवड्यांचा काळ होता, तो पाळतीअभावी वाया गेला.

यानंतरच्या दोन उद्रेकांमुळे रानाशी असलेला संबंध पुढे आला. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या हाटकोटी भागात १६ जणांना फुप्फुसाचा प्लेग झाला, त्यांतले चार दगावले. पहिल्या रुग्णाने रानमांजराची शिकार करून त्याचे कातडे सोलले होते. ऑक्टोबर २००४ मध्ये उत्तराखंडच्या डांगुड गावात आठ रुग्ण आणि तीन मृत्यू झाले. शहर नाही, गोदाम नाही, तरीही प्लेग आला, कारण जंतू रानातल्या उंदरांत टिकून होता.

मोजणीची पद्धत

पिसवांच्या सर्वेक्षणाचे मुख्य माप म्हणजे पिसू निर्देशांक. पकडलेल्या उंदरांवर सापडलेल्या पिसवांची संख्या भागिले उंदरांची संख्या. शंभर उंदरांवर १४० किओपिस मिळाल्या तर त्या जातीचा निर्देशांक १.४. किओपिसचा निर्देशांक १ च्या वर गेला की धोक्याचा इशारा समजतात. किती टक्के उंदरांवर पिसवा आहेत हेही लिहावे लागते, कारण पाच-सहा उंदरांवरच्या ढीगभर पिसवा सरासरी फुगवू शकतात. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याच गावातले दर महिन्याचे आकडे जास्त बोलके असतात.

काम नाजूक आहे. संध्याकाळी घराच्या कडेला, कोठीजवळ आणि धुऱ्यावर पिंजरे लावतात, आत भजी, भाकरी किंवा सुकी मासळी ठेवतात. पहाटे ऊन चढण्याआधी पिंजरे उचलावे लागतात. उंदीर मेला आणि अंग थंड पडले की पिसवा उतरून जातात आणि मोजणी चुकते. प्रत्येक पिंजरा वेगळ्या पांढऱ्या कापडी पिशवीत बांधतात, नाहीतर एकाच्या पिसवा दुसऱ्यावर जातात. मग उंदराला गुंगी देऊन पांढऱ्या तबकावर ब्रशने केस उलटे विंचरतात. पिशवीच्या शिवणीतही पिसवा लपतात, म्हणून तीही उलटी करून पाहतात.

रानातल्या बिळासाठी वेगळी युक्ती आहे. नुकतीच उकरलेली माती किंवा धान्याची टरफले तोंडाशी दिसली की बीळ वसलेले समजतात. लहान घूस तर बिळाचे तोंड सैल मातीने बुजवूनच ठेवते. लवचिक तारेच्या टोकाला पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा बांधून तो हळूहळू आत सारतात, थोडा फिरवतात आणि तितक्याच हळू बाहेर काढतात. यजमान आला असे समजून भुकेल्या पिसवा कापडावर चढतात आणि पांढऱ्यावर काळे ठिपके उड्या मारताना दिसतात. कापड लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतात. एकाही प्राण्याला हात न लावता बिळात किती आणि कोणत्या पिसवा आहेत ते कळते. कझाकस्तानात मोठ्या जर्बिलच्या वसाहतींवर अनेक दशके अशी पाळत ठेवली गेली. वसलेल्या बिळांचे प्रमाण एका मर्यादेपुढे गेले की काही काळाने प्लेग दिसतो, हे तिथल्या नोंदींवरूनच समजले.

पिसवा अल्कोहोलमध्ये जपून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. गालावर आणि छातीमागे काळ्या काट्यांच्या दोन ओळी असतील तर ती कुत्र्या-मांजराच्या गटातली. काट्यांच्या ओळी नाहीत, पण छातीच्या मधल्या पट्टीवर उभी रेघ आहे तर ती झेनोप्सिला. दोन्ही नसतील तर ती पुलेक्स इरिटान्स ही माणसावरची पिसू असण्याचा संभव जास्त. पिसवांच्या गटाची पीसीआर चाचणी करून जंतूचा शोध घेतात आणि उंदरांच्या रक्तात प्लेगच्या एफ-१ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तपासतात.

मोठ्या रानप्राण्यांबाबत कायद्याची चौकट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय प्राणी पकडता येत नाहीत. मात्र विहिरीत पडलेले अस्वल बाहेर काढणे, बिबट्याला बेशुद्ध करून हलवणे, रस्त्यावर वाहनाखाली मेलेल्या खोकडाचे शवविच्छेदन, अशा प्रसंगी वन आणि पशुवैद्यकीय अधिकारी प्राण्याच्या जवळ असतातच. त्या वेळी कंगव्याने केस विंचरून पिसवा-गोचीड जमा करणे आणि रक्ताचा एक नमुना ठेवणे एवढे केले तरी काही वर्षांत मोलाचा संग्रह तयार होतो.

कुत्रा, कोल्हा आणि खोकड यांचे रक्त विशेष उपयोगी आहे. हे प्राणी प्लेगने सहसा मरत नाहीत, पण उंदीर खाल्ल्याने त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे राहतात. एक कोल्हा वर्षभरात कितीतरी बिळे धुंडाळतो, त्यामुळे त्याची एक चाचणी अनेक उंदरांच्या तपासणीइतके सांगून जाते. अमेरिकेच्या पश्चिम भागात कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या रक्ताचा असाच उपयोग करतात. मांजर मात्र प्लेगने आजारी पडते आणि माणसाला थेट रोग देऊ शकते.

नियंत्रणाचा क्रम

उंदीर वाढले की पहिला विचार विष टाकण्याचा येतो. झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमाडिओलोन शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. पिसवांचा निर्देशांक जास्त असताना आधी उंदीर मारणे मात्र चुकीचे, कारण भुकेल्या पिसवा मेलेल्या उंदरावरून उतरून घरातल्या माणसांकडे येतात. आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक पूड टाकायची, पिसवा कमी झाल्याची खात्री करायची आणि मगच उंदीर मारायचे, हा क्रम सोडता येत नाही. कोणती पूड वापरायची हे स्थानिक पिसवांवर चाचणी करून ठरवावे लागते. डीडीटीला दाद न देणाऱ्या किओपिस महाराष्ट्रासह भारतात आढळल्या आहेत. अभयारण्यात सरसकट विष किंवा पूड वापरणे योग्य नाही. विष खाल्लेला उंदीर घुबड, रानमांजर आणि खोकडाच्या पोटात जातो आणि उंदीर आवरणारे हेच प्राणी कमी होतात.

कायमचे उपाय साधे आहेत: धान्य जमिनीपासून उंच आणि बंद कोठीत ठेवणे, कुटाराची गंजी घराला टेकवून न रचणे, उकिरडा वस्तीपासून दूर नेणे, गोठ्याच्या भिंतीतली भोके लिंपणे, पाळीव कुत्र्यांवर पिसूनाशक वापरणे.

जिल्ह्यातली यंत्रणा

लागणारे हात जिल्ह्यात आहेत. हिवताप कार्यालयाकडे डास ओळखणारे कीटक समाहारक असतात, त्यांना पिसवा ओळखायला शिकवणे अवघड नाही. गावोगाव आशा आणि आरोग्यसेवक आहेत. पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. वनरक्षक रोज बिळांजवळून जातो. २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या अकोल्यात पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था, नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि गोरेवाड्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. राष्ट्रीय एकल आरोग्य संस्थेची पायाभरणीही डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच झाली. प्लेगसाठी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि त्याचा बेंगळुरूचा विभाग आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून रुग्णांच्या नोंदी जिल्हा पातळीवर येतात.

या सगळ्यांच्या कामात रुग्ण आरोग्य खात्याकडे, शेळी पशुसंवर्धनाकडे, खोकड वन खात्याकडे आणि शेतातला उंदीर कृषी खात्याकडे अशी वाटणी आहे. पिसू या चारही ठिकाणी असते. म्हणून चारही खात्यांची एकच मासिक नोंद हवी. घाटावरची आणि घाटाखालची मोजकी ठरलेली गावे, अभयारण्याच्या कडेची दोन-तीन ठिकाणे, दर महिन्याचा पिसू निर्देशांक, वर्षातून एकदा कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी, आणि उंदीर पडल्याची प्रत्येक खबर एकाच जागी लिहिणे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

गावाची खबर किती मोलाची असते ते जिल्ह्याने अलीकडेच पाहिले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी बुरशीचा, मग पाण्याचा संशय आला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पथक आले आणि पुढे सेलेनियमचे जास्त प्रमाण हे कारण चर्चेत आले. तो प्राणिजन्य रोग नव्हता. पण गावकऱ्यांनी वेळीच तक्रार केली म्हणूनच तपास सुरू झाला.

विषाचा वापर नसताना उंदीर मेलेले दिसणे, घरात किंवा गोठ्यात एकाएकी पिसवा वाढणे, तापाबरोबर जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येणे, या तीनपैकी एक गोष्ट दिसली तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी. मेलेला उंदीर किंवा रानप्राणी उघड्या हाताने उचलू नये, कातडे सोलू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. कळवलेली खबर दहा वेळा निराधार ठरली तरी चालेल. अकराव्या वेळी ती दाबली गेली, तर तिची किंमत काय असते हे १९९४ मध्ये मराठवाड्याने आणि सुरतेने मोजले आहे.